टेकडी खाली उतरणार नाही

१२ जानेवारी, रविवार

लिहायचं लिहायचं म्हणून दिवाळीपासून नुसती घोकतेय. आधी पेन हरवलं. ते सापडलं तर शेजारच्या शेळीला करडं झाली, ती बघत बसले. मग थंडी पडली. खरं सांगायचं तर वही उघडली की वाटायचं, माझ्यासारखीनं काय लिहायचं? कॉलेज मधेच सोडलं, नोकऱ्या धरल्या तेवढ्या सोडल्या, पिरनवाडीचं आमचं घर तर मी सारखीच सोडत असते. आप्पा म्हणतात, भैरवी म्हणजे सुटलेली कालवड. पण आता इथं भांडण लागलंय, आणि भांडणात कोण काय बोललं ते मला नंतर आठवत नाही. म्हणून लिहिते.

भांडण टेकडीचं आहे.

मी सध्या चाफेवाडीत मालुआत्तीकडे राहते. निपाणीच्या पश्चिमेला हे गाव. इथून मोपेडवर निघालं की गाणं संपायच्या आत महाराष्ट्र लागतो. आत्ती विड्या वळते. इथं घराघरांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात आणि संध्याकाळी ठेकेदाराकडे नेतात. तो त्यातल्या मूठ-मूठ काढून बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. विड्या वाईट वळल्यात, म्हणून पैसे द्यायचे नाहीत. विड्या मात्र ठेवून घ्यायच्या. या वाडीत किती छाट काढली ते त्या वाडीला कळत नाही, त्यामुळे प्रत्येक बाईला वाटतं आपलाच हात बिघडला. आत्तीनं हे देवळाच्या भोंग्यावरून बोलायला सुरुवात केली. ठेकेदार लई चिडला. पण भोंगा पोचतो गावाच्या वेशीपर्यंत, आणि वाड्या आहेत डोंगराच्या कडेकडेनं. म्हणून बायकांनी मंडळ काढलं, मंडळानं स्वतःच्या रेडिओचा परवाना मागितला. टॉवर टेकडीवर उभा करायचा, म्हणजे सगळ्या वाड्यांत आत्तीचा आवाज जाईल.

फाइल परत आली. शेरा असा की टॉवर फार उंच आहे.

टॉवर तीस मीटरचाच. पण नियमाला तेवढ्यावर भागत नाही. टॉवर आजूबाजूच्या मुलखापेक्षा किती वर निघतो, ते त्याला हवं असतं. टॉवरपासून आठ दिशांना रेघा ओढायच्या. प्रत्येक रेघेवर तीन किलोमीटरपासून सोळा किलोमीटरपर्यंत सारख्या अंतरावर थांबत जमिनीची उंची घ्यायची, समुद्रापासूनची. त्या सगळ्याची सरासरी काढायची. टॉवरचं टोक त्या सरासरीच्या वर शंभर मीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर आवाज लांब पळतो आणि दुसऱ्याच्या रेडिओत घुसतो. आमचं एकशे चोवीस निघालं.

पहिले तीन किलोमीटर मोजायचेच नाहीत, हे मला आवडलं. माझंही तसंच आहे, जवळचं काही दिसत नाही.

हिशेब केला दत्तोपंत सरांनी. ते बेळगावचे, टिळकवाडीत राहतात. आयुष्यभर भूगोल शिकवला. तरुणपणी सीमेच्या सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आलेत, आणि अजूनही पत्ता लिहिताना राज्याचं नाव लिहीत नाहीत. गुडघे गेलेत, तरी मंडळासाठी एसटीनं येतात. काखेत जिल्ह्याच्या नकाशाची वळकटी असते. तीच वर्गात टांगून शिकवायचे म्हणे. आता त्यांनी ठरवलंय की नकाशातल्या उंच्या जागेवर जाऊन तपासायच्या. भटकायचं काम म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मंडळाचा सेक्रेटरी रविराज, त्यानं जुनी मोपेड दिली. सरांनी गळ्यात अडकवायचं एक पिवळं यंत्र दिलं.

"बिंदूवर उभी राहा, आकडा हलायचा थांबला की लिही. आणि मधे कुठं रेंगाळू नकोस," सर म्हणाले.

पाच तारखेला, पुढच्या महिन्यात, परवान्याच्या ऑफिसातले साहेब जागा बघायला येणार. तोवर हिशेब पक्का पाहिजे.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सदलग्याकडची रेघ केली. सगळं सपाट, ऊस आणि ऊस. यंत्राचा आकडा पाण्यासारखा खाली खाली जातो. एका बांधावर उभी होते तर शेतमालक धावत आला. त्याला वाटलं रस्ता येतोय, जमीन जाणार. रेडिओचं सांगितलं तर म्हणाला, मग माझ्या उसात कशाला उभी? मी म्हटलं, तुमचा ऊस सरासरीत धरायचाय. त्यावर तो जरा खूश झाला. एक कांडं मोडून दिलं.

पुढं एक गुऱ्हाळ लागलं. रेंगाळू नकोस म्हणाले होते, पण काहिलीतून गूळ निघत होता. तिथून निघाले ती भलत्याच शेतात जाऊन उंची घेतली. परत जाऊन नीट घ्यावी लागली.

तिळगूळ कुणालाच दिला नाही. आप्पांचा फोन आला, त्यांनाही गोड बोलले नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सरांनी दिलेले सगळे बिंदू झाले. आज देवळात बैठक झाली. माझे आकडे आणि सरांचे नकाशातले आकडे जवळजवळ तेच. मला वाटलं शाबासकी मिळेल. पण टेकडी तशीच उंचच निघाली.

रविराज उठला. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि तो बोलतो ते सगळं सुट्या भागांसारखं. ओढ्याकाठी त्याचा प्लॉट रिकामा आहे. टॉवर तिथं लावू. जागा खाली, म्हणजे उंची बसते. परवाना महिन्यात. वाड्यांचं पुढं बघू. तसा तो वाईट नाही. काम उरकलं की त्याला झोप येते, एवढंच.

"आणि वाड्यांनी काय ऐकायचं रं? वड्याचं पाणी?" आत्ती म्हणाली.

बायका हसल्या. रविराजही हसला, पण मग म्हणाला, सरांना विचारा. सर नकाशा गुंडाळत होते. म्हणाले, नियम नियम आहे, आणि हिशेब चुकलेला नाही. दोनदा म्हणाले.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. बैठक संपल्यावर टेकडीवर गेले. वरून सगळ्या वाड्या दिसतात, प्रत्येक दारात एक-दोन बायका मान खाली घालून बसलेल्या. त्यांना कसं सांगायचं की तुमची टेकडी फार उंच आहे, म्हणून तुम्हाला ऐकू येणार नाही? मी तिथंच ठरवलं. टेकडी खाली उतरणार नाही. कशी ते माहीत नाही. पण नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते माझ्या स्वभावानं झालं.

यंत्र सरांना परत द्यायला बेळगावला निघाले होते. हमरस्त्याला लागायच्या आधीच एक बेंजो पार्टीची गाडी दिसली. वर कर्णे, आत आठ-दहा पोरं, आणि मागं बसलेला एकजण नुसताच, हौसेनं ढोल वाजवत चाललेला. इतका सुंदर वाजवत होता की मी मोपेड वळवली आणि मागं लागले. ते पश्चिमेला एका लग्नाला निघाले होते. रस्ता चढत गेला. दुकानांच्या पाट्या कधी बदलल्या कळलंच नाही. चहाच्या टपरीवर महाराष्ट्राचा पेपर दिसला तेव्हा कळलं की आपण पार पलीकडे आलोय.

गळ्यात यंत्र होतंच. गंमत म्हणून बघितलं तर आकडा आमच्या टेकडीपेक्षा मोठा. पुढं गेले, अजून मोठा. घाटाच्या तोंडाशी तर मी यंत्र आपटूनच बघितलं. मग लग्नात जेवले. कुणी विचारलं नाही, नवरीकडचे समजले मला नवऱ्याकडची.

येताना ठिकठिकाणी थांबून आकडे लिहिले, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर. सरांना दाखवीन. तेवढीच गंमत.

२२ जानेवारी, बुधवार

गंमत झाली नाही.

आज सर स्वतःच आले, बहुतेक यंत्र न्यायला. मी कागद पुढं केला, बेंजो पार्टीचं सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आकडे एकदा वाचले. मग आत्तीच्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरला आणि त्यावर गुडघे टेकून बसले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आला. नकाशात बेळगाव जिल्ह्याला रंग आहेत, हिरवा, पिवळा, तपकिरी. हद्दीपलीकडे नुसतं पांढरं. आमच्या पश्चिमेच्या तिन्ही रेघा हद्दीपाशी तुटलेल्या. बाकी पाच सोळा किलोमीटर धावतात, आणि या तीन बिचाऱ्या एकेका बिंदूवर थांबल्यात. मी एवढे दिवस त्या बघत होते, मला वाटायचं असाच नियम असेल.

"सर, पलीकडचं मोजायचं असतं?" मी विचारलं.

"जमिनीची सरासरी आहे ती. जमीन जिथं आहे तिथं मोजायची."

मी उडीच मारली. पलीकडे सगळे डोंगर. ते धरले तर सरासरी वर चढणार, म्हणजे आमचा टॉवर आपोआप खाली येणार, टेकडी न हलवता. मी आत्तीला हाक मारली. सर मात्र बोट त्या हद्दीच्या रेघेवर ठेवून तसेच बसून होते.

"उभ्या जन्मात मी ही रेघ मानली नाही, भैरवी," ते म्हणाले. "आणि पोरांना शिकवता शिकवता..."

आत्तीनं चहा आणला, तो घेतला नाही. मी म्हटलं, उद्याच जाते, तिन्ही रेघा करते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"यंत्र दे इकडं," एवढंच म्हणाले. यंत्र पिशवीत घातलं, नकाशा तसाच जमिनीवर सोडला आणि एसटीला गेले.

चिडलेत, बेंजो पार्टीच्या मागं गेले म्हणून. मान्य आहे, मी रेंगाळते. पण एवढं चिडायचं? आनंदाची गोष्ट होती ही.

२६ जानेवारी, रविवार

सरांचा फोन बंद. आज शेवटी घरच्या नंबरवर लावला. त्यांची मुलगी विनोदिनी, ती हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात वकील आहे, सुट्टीला आली होती. म्हणाली, बाबा घरी नाहीत, मला वाटलं तुमच्याकडेच आहेत. जुने बूट घालून गेलेत, गुडघ्याचा पट्टा घेऊन. एकदा कुणाच्या तरी फोनवरून बोलले, बरा आहे म्हणाले, कुठं ते सांगितलं नाही.

बूट घालून म्हणजे कुठं लग्नाबिग्नाला गेले असतील. यंत्र घेऊन. आम्ही इथं बोंबलतोय.

रविराज म्हणतो, बरंच झालं. बाहेरच्या राज्यातले आकडे लावले तर साहेब फाइल तोंडावर फेकतील. आपल्याकडं शाळेचा दाखलासुद्धा हद्दीपलीकडचा चालत न्हाय, तिथं डोंगर चालणार व्हय? इथं सगळं त्या रेघेपाशी थांबतं. वीज थांबते, रेशन थांबतं, कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबतात. माणसाला सवय होते. मीच नाही का, इतके दिवस तुटक्या रेघा बघत होते.

पण यंत्रात आकडा कसा थांबला नाही? तो तर चढतच गेला.

३० जानेवारी, गुरुवार

यंत्र नाही तर नाही. मोबाइल घेऊन गेले, पश्चिमेला. मोबाइलातही उंची दिसते असं कळलं. दिसते, पण नाचते. एकाच दगडावर उभी राहिले तर एकदा मी ढगात, एकदा विहिरीत. दिवसभर फिरले. पेट्रोल संपलं, ढकलत एका टपरीपर्यंत आले.

टपरीवाल्याला विचारलं, इथं कुणाकडं उंची मोजायचं यंत्र असतं का? तो म्हणाला, हल्ली काय सगळ्यांनाच उंची मोजायचीय? कालपरवा एक म्हातारा त्या वरच्या माळावर उन्हात उभा होता. हलायला तयार नाही. पाणी पाठवलं तर म्हणाला, आकडा थांबू दे, मग पितो. वीज खात्याचा असंल.

वीज खात्याला आता म्हातारी माणसंच मिळतात वाटतं. पेट्रोल मात्र टपरीवाल्यानं दिलं, बाटलीतून. चांगला माणूस. त्याच्याकडे एक मैना आहे, ती कन्नड आणि मराठी दोन्हीत शिव्या देते. तिच्यापाशी तासभर गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

रविराजनं कागद करून आणला. टॉवर ओढ्याकाठच्या प्लॉटवर लावायला मंडळाची हरकत नाही, असा. सगळ्या सभासदांच्या सह्या पाहिजेत. सरांची तर नाहीच, पण ते सल्लागार, त्यांच्यावाचून चालतं म्हणे. बायकांनी एकेक करून सह्या केल्या. त्यांचं काय चुकलं? वर्ष झालं, थकल्यात. काही नाही त्यापेक्षा गावापुरता तरी रेडिओ.

कागद आत्तीपाशी आला. आत्ती विडी वळत होती. तिनं दोरा गुंडाळला, टोक दुमडलं, सुपात ठेवली, दुसरं पान घेतलं. रविराज वाट बघत उभा. ती अजून एक वळली.

"मालुबाई, तुमच्या एकटीपायी अडलंय."

"अडू दे की. ठेकेदारापुढं बी मी एकटीच अडते. त्याची सवय हाय मला."

रविराजनं डोक्याला हात लावला. म्हणाला, ठीक आहे, पाच तारखेला साहेबांपुढं बघू, तिथं तरी अडू नका. आणि मोपेडची चावी घेऊन गेला. ती त्याचीच आहे म्हणा.

रात्री आत्तीला विचारलं, सर नाही आले तर? ती म्हणाली, नाही आले तर आपण हाय. मला नीट झोप लागली नाही. आपण आहोत, पण आपल्याकडे पाचच दिशा आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेकडीवर एका दगडावर बसून लिहितेय. नंतर लिहीन म्हटलं तर विसरेन.

साहेब दहा वाजता आले. नागेंद्र म्हणून, बेंगळूरचे, टोपी घातलेले, चढताना दोनदा थांबले. मी मनात त्यांना मिशीवाला राक्षस करून ठेवलं होतं. तसे नाहीत. बायका सुपं घेऊनच वर आल्यात. जागा बघितली, टॉवरच्या खड्ड्यापाशी उभे राहिले, मग फाइल उघडली. मी पुढं झाले आणि नकाशा पसरला, सरांनी सोडलेला. सगळं सांगितलं. पाच रेघा पूर्ण, तीन तुटक्या, पलीकडे डोंगर आहेत, ते धरले तर उंची बसते. मराठीत सुरू केलं, मधे हिंदी आली, शेवटी कन्नड.

रविराज डोळे मिटून उभा होता, आता फाइल तोंडावर येणार म्हणून. साहेबांनी फेकली नाही. त्यांनी विचारलं, पलीकडचे बिंदू सोडा असं तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, जमीन कुठल्या राज्यात आहे ते माझ्या नियमात कुठंच नाही. आठ दिशा मात्र आहेत. आठ द्या, मी बघतो.

रविराजनं डोळे उघडले.

मी मोबाइलचे आकडे पुढं केले. साहेबांनी दोन ओळी वाचल्या आणि परत दिले. हे चालणार नाही. मी त्या टपरीवाल्यालासुद्धा साक्षीला आणते म्हणाले. तेही चालणार नाही. आज संध्याकाळी त्यांना परत जायचंय. पुन्हा पाहणी कधी, ते त्यांच्या हातात नाही. वर्ष लागेल, कदाचित दोन. नाहीतर खाली जागा आहे असं ऐकलंय, तसं लिहून द्या, आजच शिफारस करतो. रविराजनं हळूच कागद काढला. सगळ्यांनी आत्तीकडे बघितलं.

आत्ती कन्नडमध्ये बोलली. तिची कन्नड बाजारातली, पण खणखणीत. मी मराठीत उतरवते.

"साहेब, पाचच दिशा मोजल्या ही चूक आमची. आमच्या डोळ्याला ती रेघ एवढी बसलीय की पलीकडं जमीन हाय हेच दिसलं न्हाय. चुकीची सजा आमाला द्या. वर्षं लावा, दोन लावा. तोवर मी भोंग्यावर बोलीन, घसा फुटेपर्यंत. पण खाली यायचं लिहून देणार न्हाय. टेकडीनं काय बी चूक केलेली न्हाय."

साहेब तिथंच खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, जेवण झाल्यावर निघू. आत्तीनं भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा, वांगं. ते आता जेवतायत. रविराजचा कागद त्यांच्या ताटाशेजारी दगडाखाली ठेवलाय, आत्तीच्या सहीवाचून. एकेक सूप परत मांडीवर आलंय. नुसता पानं कातरल्याचा आवाज.

मी सरांवर चिडलेय. लिहूनच ठेवते. एवढा भूगोल शिकवला, तुरुंगात गेले, आणि खरी वेळ आली तेव्हा यंत्र घेऊन पळाले. मी भटकी असेन, पण मी इथं आहे. हे त्यांना तोंडावर सांगणार.

खाली एक उसाचा ट्रॅक्टर थांबलाय. पश्चिमेच्या रस्त्यानं आला, पलीकडून. ऊस कारखान्याला चाललाय, इथं कशाला थांबला? ड्रायव्हर खाली उतरून कुणाला तरी हात देतोय. मडगार्डवर कुणी बसलेलं होतं. आधी काठी खाली आली, मग बराच वेळ एकच पाय. आता ते चढायला लागलेत, दर चार पावलांना थांबत. गळ्यात काहीतरी पिवळं हलतंय. रविराज विचारतोय, कोण आहे? साहेबही मान वळवून बघतायत. आत्तीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. काम चालू असताना ती सूप खाली ठेवत नाही.

"भैरवे, ते लिहिणं ठेव," ती म्हणतेय. "खाली पळ, काखेत हात दे त्यांच्या. सर आल्यात."